भरून येणारा रंग आणि रोज घासणारा दोर : खाडीवरील एका धक्क्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरील एका खाडीच्या मुखाशी प्रवासी बोटींचा धक्का आहे. ठिकाण, संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील इथे मुद्दाम गाळले आहेत. धक्का काँक्रीटचा आहे, पण बोटी लागतात त्या त्याच्यासमोर तरंगणाऱ्या पोलादी तराफ्याला. आणि धक्का व तराफा यांना जोडणारे दोन पोलादी पूल भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत राहतात. या पुलांना तिथे सगळेच गँगवे म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. खाली चॅनेल (नाळीच्या आकाराच्या) आणि अँगल (काटकोनी) या पोलादी पट्ट्यांची चौकट, वर खडबडीत चेकर्ड प्लेट, दोन्ही अंगांना पाइपचे कठडे, अशी साधी रचना. उत्तरेकडचा गँगवे मोठ्या बोटींसाठी वापरला जातो, दक्षिणेकडचा लहान होड्यांसाठी. हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. मी तो वेळेवर लक्षात घेतला नाही.

माझे काम रंगकामाच्या तपासनीसाचे. पृष्ठभाग नीट साफ झाला आहे का, रंगाचा थर हवा तितका जाड बसला आहे का, तो धातूला धरून आहे का, एवढे पाहायचे आणि लिहून द्यायचे. संस्थेच्या देखभाल अभियंत्यांनी मला बोलावले तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, मागच्या काही वर्षांच्या रंगाच्या बिलांची फाइल. आणि दुसरी, हाताच्या पंज्याएवढा रंगवलेला पोलादी तुकडा, ज्यावर मधोमध ब्लेडने काट मारली होती आणि तरी त्या काटेत गंज नव्हता.

समस्या

दसऱ्यानंतर गँगवे रंगवायचा आणि शिमग्यापर्यंत कठड्यावरून तांबूस ओघळ उतरू लागायचे, असे दरवर्षीचे रहाटगाडगे होते. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा गंजाला पूर्ण मोकळीक मिळे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वायर ब्रश, पुन्हा प्रायमर म्हणजे धातूवरचा पहिला हात, पुन्हा वरचा रंग.

गंज सुरू होण्याची जागा मात्र बहुतेक वेळा ठरलेली असे. अखंड रंगाखालचे पोलाद शाबूत होते; गंज फुटत होता तो ओरखड्यांतून, कडांवरून आणि बोल्टच्या भोकांभोवती. ओरखड्यात नेमके काय घडते ते समजल्याशिवाय पुढचे सारे कळणार नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. रंग फाटला की खारे पाणी थेट पोलादाला भिडते. उघड्या जागी लोखंड विरघळू लागते आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या, रंगाच्या काठाखालच्या भागात ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड तयार करतात. म्हणजे ओरखड्याच्या काठाला, रंगाच्या खाली, तीव्र अल्कधर्मी पाणी साचते आणि ते रंगाची धातूवरची पकड सोडवत आत सरकते. वरून रंग जसाच्या तसा दिसतो. नखाने उचकटला तर पापुद्र्यासारखा निघतो. वायर ब्रश हा सुटलेला काठ गाठतच नाही, म्हणून दसऱ्याला केलेली डागडुजी शिमग्याला उघडी पडते.

त्यात मीठ. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे प्रत्येक आडव्या पट्टीवर मिठाचा अदृश्य लेप चढवतात, आणि पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात गार झालेल्या पोलादावर दव पडून तो लेप ओला होतो. वातावरण पोलादाला किती गंजवते याची जी वर्गवारी आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, तिच्यात असे वातावरण ‘सी ५’ किंवा त्याहून कठोर ‘सीएक्स’ या गटात मोडते.

टेबलावरचा तो तुकडा ज्या विक्रेत्याने आणला होता त्याचे म्हणणे साधे होते. ओरखडे पडणारच आहेत, तर ओरखडा स्वतः बुजवणारा रंग लावा.

हा रंग काम कसा करतो

विक्रेत्याचा दावा पोकळ नव्हता. २००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेमध्ये द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळून, तडा गेल्यावर त्या फुटून तडा सांधला जातो, हे दाखवून दिले. पुढे हीच कल्पना गंजरोधक रंगांत आली. आमच्या पुढ्यातल्या प्रायमरमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या कवचाच्या, सरासरी ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या कुप्या होत्या आणि त्यांत जवसाचे तेल भरले होते. रंगावर काट गेली की तिच्या वाटेतल्या कुप्या फुटतात, तेल काटेच्या तळाशी पसरते, हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि पोलादावर पातळ पडदा धरते.

मला यात नवलापेक्षा ओळखीचे काही तरी अधिक वाटले. पोलादी पुलांना पूर्वी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून पहिला हात देत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तेलातल्या आम्लांशी त्याचा साबण बनतो आणि तो गंज थोपवतो. शिसे विषारी म्हणून तो रंग मागे पडला. क्रोमेटचेही तसेच. पिवळ्या झिंक क्रोमेट प्रायमरमधून षट्संयुजी क्रोमियम ओरखड्यात झिरपत असे, तिथे त्याचे अविद्राव्य त्रिसंयुजी रूप तयार होई आणि जखम बंद होई. स्वतः भरून येणारा रंग या शब्दांत कुणी त्याचे वर्णन करण्याच्या कितीतरी आधी तो हे काम करत होता. तो कर्करोगकारक ठरल्यामुळेच आज इतके पर्याय शोधले जात आहेत. कुप्या हा त्यांतला एक. दुसऱ्या प्रकारात हॅलॉयसाइट नावाच्या नळीसारख्या मातीच्या कणांत गंजरोधक रसायन भरून ठेवतात. तिसऱ्यात थरांच्या हायड्रॉक्साइडांचा उपयोग करतात, जे पाण्यातले क्लोराइड आत घेऊन त्याच्या बदल्यात गंजरोधक बाहेर सोडतात. काही कवचे तर वर सांगितलेला अल्कधर्मीपणा वाढला तरच उघडतात. आमच्यासमोर मात्र प्रश्न एकाच डब्याचा होता.

त्या डब्याबाबत मी बैठकीत कागदावर एक गुणाकार मांडला. तडा गेल्यावर उपलब्ध होणारे द्रव, ढोबळमानाने, कुपीचा व्यास गुणिले रंगातले कुप्यांचे घनफळ-प्रमाण, इतक्या जाडीचे असते. व्यास ६० मायक्रॉन आणि प्रमाण १० टक्के धरले तर ६ मायक्रॉन. म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तडाच पूर्ण भरेल. विक्रेत्याच्या तुकड्यावरची ब्लेडची काट मी खिशातल्या सूक्ष्मदर्शकाने मोजली, ती शंभर मायक्रॉनच्या आसपास होती. तीत तेल काठोकाठ भरणार नाही, पण तळाला लेप बसेल आणि तेवढ्यानेही गंज बराच काळ थांबेल. समुद्रातल्या बांधकामांच्या रंगांसाठी असलेल्या आयएसओ १२९४४-९ या चाचणीत मात्र २ मिलिमीटर रुंदीचा छेद घेतात आणि तुकडा २५ आठवडे, म्हणजे ४२०० तास, ऊन, मिठाचा फवारा आणि उणे २० अंशांची थंडी यांतून फिरवतात. थंडीचा कोकणाशी संबंध नाही हे खरे, पण छेदाच्या रुंदीचा आहे. त्या रुंदीच्या छेदाचा अहवाल विक्रेत्याकडे नव्हता.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय होता तसेच चालू ठेवण्याचा. त्याची बाजू कुणी घेतली नाही, तरी तो सर्वांत स्वस्त दिसतो हे लेखा विभागाने दोनदा ऐकवले.

दुसरा पर्याय म्हणजे ग्रिट ब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाच्या हवेने टोकदार कण मारून, पोलाद ‘एसए अडीच’ म्हणजे जवळजवळ पूर्ण स्वच्छ या दर्जापर्यंत उघडे करायचे आणि जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधला इपॉक्सीचा जाड थर आणि वर पॉलियुरेथेन, अशी नेहमीची त्रिस्तरीय पद्धत वापरायची. जस्तयुक्त प्रायमरच्या वाळलेल्या थरात वजनाने किमान ८० टक्के जस्त असते. ओरखडा पडला तर लोखंडाऐवजी जस्त झिजते आणि त्यातून बनणारी पांढरी क्षारे ओरखड्यात साचून त्याला आणखी आडोसा देतात. नीट पाहिले तर हाही स्वतःला सांभाळणारा थरच, आणि त्याचे काम कुपीसारखे एका फुटण्यात संपत नाही.

तिसरा पर्याय गरम जस्तलेपनाचा. सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर आयएसओ १४६१ प्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन जस्त बसते. पण त्यासाठी संपूर्ण गँगवे उचलून, कापून, जस्ताच्या टाकीत मावेल अशा लांबीचे भाग करून न्यावा लागणार होता, आणि हंगाम तोंडावर होता. कठड्यांचे बोल्टने बसवलेले भाग तेवढे सुटे होते.

चौथा पर्याय दोन्ही गँगवेंना कुप्यांचा प्रायमर लावण्याचा. अभियंत्यांचा कल इकडे होता. त्यांचा युक्तिवाद वाजवी होता: दरवर्षी माणसे, मचाण आणि बंद ठेवावा लागणारा मार्ग यांवर जो खर्च होतो त्याच्यापुढे रंगाच्या डब्याची किंमत मोठी नाही.

निर्णयाचा हा पहिला टप्पा, आणि इथे एक गोष्ट बैठकीत जेमतेम दोन मिनिटे चर्चेला आली. कुप्यांचा प्रायमर थेट पोलादावर लावायचा होता, म्हणजे तो जस्तयुक्त प्रायमरच्या जागी येत होता. शिवाय ६० मायक्रॉनची कुपी थरात बुडण्यासाठी थर त्याहून बराच जाड हवा; जस्ताचा थर नेहमीप्रमाणे ६० मायक्रॉनच्या आसपास ठेवला तर दोन्ही एकात बसत नाहीत. आम्ही एक संरक्षण वाढवत नव्हतो, एक काढून दुसरे घालत होतो. मी हे बोललो, पण लिहून दिले नाही. तपासनिसाने तोंडी सांगितलेल्या शंकेला इतिवृत्तात जागा मिळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते.

अखेर मीच सुचवलेली तडजोड मान्य झाली. दक्षिणेच्या गँगवेला नेहमीची जस्तयुक्त पद्धत, उत्तरेच्या गँगवेला कुप्यांचा प्रायमर, वरचे दोन थर दोन्हीकडे सारखे. दोन पावसाळ्यांनंतर तुलना. तुलना करता येईल म्हणून मला ही मांडणी नेटकी वाटली. प्रत्यक्षात उत्तरेकडे मोठ्या बोटी, जाड दोर आणि नैर्ऋत्येचा थेट वारा. दक्षिणेकडे लहान होड्या आणि तराफ्याचा आडोसा. दोन वेगळ्या रंगांची परीक्षा दोन वेगळ्या ठिकाणी घेऊन त्यांची तुलना करणे म्हणजे एका मुलाला गणिताचा आणि दुसऱ्याला भूगोलाचा पेपर देऊन पहिला नंबर काढण्यासारखे आहे. ही चूक माझी.

प्रत्यक्ष काम

दिवाळीनंतर काम सुरू झाले. खरा वैरी कोण, ते पहिल्या दोन दिवसांतच कळले. ब्लास्टिंग झाल्यावर पोलाद राखाडी, एकसारखे आणि देखणे दिसत होते, पण पृष्ठभागावर चिकटपट्टीसारखा लहान कप्पा लावून, त्यात शुद्ध पाणी सोडून, त्याची विद्युतवाहकता मोजण्याची जी ब्रेसल चाचणी आहे तिच्यात मिठाचे प्रमाण आम्ही ठरवलेल्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरेच वर निघाले. ग्रिटने गंज निघतो. खड्ड्यांच्या तळाशी बसलेले क्षार तिथेच राहतात. गोड्या पाण्याने दाबाखाली धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा हलके ब्लास्टिंग करायचे, एवढाच उपाय होता. धक्क्यावर गोडे पाणी टँकरने येते. कंत्राटदाराने कपाळाला हात लावला, पण पाणी आणले.

मग वेळेचे गणित. पोलादाचे तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंग लावता येत नाही, आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पोलाद दवाने ओले असे. दुपार कलायला लागली की खारे वारे सुटत आणि नुकत्याच साफ केलेल्या पोलादावर पुन्हा मीठ बसू लागे. म्हणजे धुणे, वाळणे, ब्लास्टिंग, चाचणी आणि पहिला हात, हे सगळे मधल्या चार तासांत. रोज जमेल तेवढाच तुकडा उघडायचा, असा नियम केला. दक्षिणेचा गँगवे या शिस्तीत बरा पार पडला. अपवाद खालच्या चॅनेलच्या आतल्या बाजूचा. तिथे हात जेमतेम पोचत होता, आणि चाचणीचा कप्पा तिथे लावणे मी दोन ठिकाणी टाळले.

उत्तरेच्या गँगवेवर तिसऱ्या दिवशी मुकादमाने मला हाक मारली. त्याच्या हातात एअरलेस पंपाच्या, म्हणजे हवा न मिसळता नुसत्या दाबाने रंग फवारणाऱ्या पंपाच्या, बंदुकीतली जाळी होती, आणि तिच्यावर भिजवलेल्या रव्यासारखा चिकट लगदा साचला होता.

“साहेब, हे हुंगून बघा. बेलतेलाचा वास येतोय.”

बेलतेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेल; जुन्या सुतारांच्या आणि पॉलिश करणाऱ्यांच्या हाताला तो वास कायमचा चिकटलेला असतो. मुकादमाचे वडील दारे-खिडक्यांना तेच लावत, म्हणून त्याने तो वास ओळखला. मी इतकी वर्षे इपॉक्सी हुंगत आलो, पण मला आधी तो वेगळा जाणवलाच नव्हता.

वास येत होता याचा अर्थ तेल कुप्यांच्या बाहेर होते. ते ओरखड्यात बाहेर यायचे, ते डब्यातच बाहेर आले होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. माहितीपत्रकात लिहिले होते की डबा हाताने किंवा संथ गतीने ढवळावा, बंदुकीतली जाळी काढावी, मोठ्या तोंडाची टिप लावावी आणि दाब कमी ठेवावा. पोरांनी नेहमीप्रमाणे ड्रिलला पंखा लावून घुसळले होते, आणि पंप दीडशे ते दोनशे बारच्या नेहमीच्या दाबावर चालत होता. माहितीपत्रक इंग्रजीत होते आणि ते माझ्या बॅगेत होते. शिवाय डबे तीन आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडून होते. कुप्या तळाशी बसून त्यांच्या गुठळ्या झाल्या असाव्यात, म्हणूनच पोरांनी इतक्या जोराने घुसळले.

निर्णयाचा दुसरा टप्पा हा. निम्म्याहून थोडा कमी भाग रंगवून झाला होता. अभियंत्यांना काम पुढे न्यायचे होते, कारण बाहेरून थर उत्तम दिसत होता आणि जाडीही बरोबर भरत होती. मी थर वाळल्यावर पकड मोजायला सांगितले. धातूच्या लहान बाहुल्या रंगावर चिकटवून त्या ओढून काढण्याची ती चाचणी. दक्षिणेच्या गँगवेच्या तुलनेत इथली पकड ठळकपणे कमी आली, आणि थर पोलादापासून सुटण्याऐवजी आतूनच फाटत होता. सुट्या तेलाने इपॉक्सीला मऊ केले होते. एक तुकडा ब्लेडने तासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर शाबूत कुप्या मोजक्याच दिसल्या. बाकी ठिकाणी रस निघून गेलेल्या द्राक्षासारखी चिरमुडलेली कवचे.

तो भाग पुन्हा ब्लास्ट करायचा, यावर एकमत व्हायला दोन दिवस गेले. खर्च कुणी सोसायचा यावर ते अधिक लांबले असते, कारण करारात चुकीच्या हाताळणीबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी तो तिघांत वाटला गेला. पुढचा सगळा प्रायमर ब्रशने लावला. कठड्यांच्या पाइपवर ब्रश बरा चालतो, चॅनेलच्या कोपऱ्यांत नाही. लावलेल्या प्रत्येक भागाचा एक नमुना-तुकडा कापून पाहायचा नियम मात्र मी यावेळी कागदावर घातला.

परिणाम

पहिला पावसाळा संपल्यावर आणि नंतर दुसरा संपल्यावर मी दोन्ही गँगवे पाहिले. पहिल्या पाहणीपासून प्रत्येक ओरखड्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो घेतले, म्हणजे रुंदी नंतर मोजता येते.

उत्तरेच्या गँगवेच्या कठड्यांवर, प्रवाशांच्या बॅगांच्या चेन, किल्ल्या आणि सामानाच्या कडा यांनी पडलेल्या बारीक ओरखड्यांत गंज अगदी थोडा होता. काही ओरखड्यांच्या तळाशी पिवळसर, वाळलेल्या मधासारखा पातळ पडदा भिंगातून स्पष्ट दिसत होता, आणि नखाने खरवडला तरी तो निघत नव्हता. विक्रेत्याने जे सांगितले होते ते तिथे शब्दशः घडले होते, आणि ते पाहताना मला आनंदच झाला. दक्षिणेकडच्या कठड्यांवर तशाच बारीक ओरखड्यांत कुठे पांढरट क्षार होते तर कुठे तांबूस डाग.

पण ज्या जागी मोठ्या बोटींचा दोर कठड्याच्या खांबाला वळसा घेऊन खुंटाकडे जातो, तिथे उत्तरेकडे हाताच्या रुंदीचा पट्टा उघडा पडून गंजला होता. ओरखडा म्हणावा असे तिथे काही नव्हतेच; दोर रंगाचे तिन्ही थर घासून पोलादापर्यंत गेला होता. त्या पट्ट्यातल्या कुप्या पहिल्याच आठवड्यात फुटल्या असतील आणि त्यांचे तेल दोराने पुसून नेले असेल. दुसऱ्या आठवड्यासाठी तिथे शिल्लक काहीच नव्हते, आणि दोर मात्र प्रत्येक फेरीला परत त्याच जागी येत होता. मागच्या फायलीतले फोटो मग पुन्हा काढून पाहिले, तेव्हा दिसले की दरवर्षी ओघळ सुरू होत ते याच सहा-सात जागांवरून. बोटी बांधण्याची जागा बदलत नाही, दोराचा कोन बदलत नाही, म्हणून जखमेची जागाही बदलत नाही. एकदाच वापरता येणारा साठा आम्ही रोजच्या जखमेवर लावला होता.

दक्षिणेकडच्या दोराच्या जागाही झिजल्या होत्या, पण तिथे गंज उशिरा आला आणि पसरला कमी. लहान होड्यांचा दोर बारीक असल्यामुळे, की जस्तामुळे, हे माझ्या त्या नेटक्या मांडणीतून सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. ज्या चॅनेलच्या आतल्या बाजूला मी मिठाची चाचणी टाळली होती, तिथे दोन्ही गँगवेंवर रंगाला फोड आले होते. फोड फोडला की आतून खारट पाणी येई. थराखाली अडकलेले मीठ बाहेरचे पाणी थरातून आत खेचते. वरचा थर शहाणा असो वा साधा, त्याला याचा पत्ता लागत नाही. फोड फुटून पडणाऱ्या भेगेत कुप्यांचे तेल आलेही असेल, पण खाली गंजलेल्या, ओल्या पोलादावर ते काय धरणार?

नंतर केलेले बदल

दोराच्या सात जागांवर आधी रखवालदाराने आपल्या बुद्धीने जुन्या टायरचे पट्टे बांधले. ते दिसायला बरे होते, पण दोन महिन्यांनी सोडले तर खाली पाणी साचून आधीपेक्षा खोल गंज. आता तिथे जाड पॉलिथिनचे अर्धगोल तुकडे बोल्टने बसवले आहेत, आणि त्यांच्या व खांबाच्या मध्ये बोटभर फट ठेवली आहे, म्हणजे पावसाचे पाणी खारटपणा धुऊन नेते. दोर त्या तुकड्यांवर घासतो; ते झिजले की बदलायचे. कठड्यांचे सुटे भाग टप्प्याटप्प्याने गरम जस्तलेपनाला पाठवले जात आहेत.

कुप्यांचा प्रायमर पूर्ण सोडलेला नाही. तिकीट खिडकीच्या शेडचे खांब, कठड्याचे वरचे पाइप, सूचनाफलकांच्या चौकटी, अशा ठिकाणी जखम बारीक असते आणि क्वचितच पुन्हा त्याच जागी पडते; तिथे तो ब्रशने लावण्याचे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या आधी जखमांचा नकाशा करायला हवा होता. कुठे, किती रुंद, आणि त्याच जागी किती वेळा, हे तीन रकाने पुरेसे होते. मागच्या वर्षांचे फोटो हाताशी असताना एका दुपारचे काम. मी फक्त पहिला रकाना भरला होता. दुसरा रकाना भरला असता तर कठडा आणि दोराच्या जागा वेगळ्या काढल्या गेल्या असत्या, आणि तिसरा भरला असता तर दोराच्या जागांसाठी रंगाचा विचारच झाला नसता.

प्रयोग एकाच गँगवेवर, एकाआड एक भागांवर करायला हवा होता, म्हणजे वारा, बोटी आणि दोर दोन्ही रंगांना सारखे मिळाले असते. आणखी एक तुकडा असाही हवा होता ज्यात जस्तयुक्त प्रायमरवर मधल्या थरात कुप्या असतील. तेल तेव्हा पोलादाऐवजी जस्तावर पडेल आणि जस्ताची झीज अडवेल की त्याचे लोखंडासाठी झिजण्याचे काम अडवेल, याचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले असते.

विक्रेत्याकडे दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मागायला हवी होती: २ मिलिमीटरच्या छेदावरचा निकाल काय, आणि त्याच छेदावर पुन्हा एकदा ब्लेड फिरवल्यावरचा निकाल काय. दुसरा प्रश्न मला कुठल्याच चाचणीत विचारलेला दिसत नाही, आणि धक्क्यावर महत्त्वाचा तोच आहे.

माहितीपत्रकाचा मराठी उतारा, डबा उघडण्याआधी, मुकादमाच्या हातात हवा होता. ढवळण्याची पद्धत, जाळी, टिप, दाब आणि डबे ठेवण्याची जागा, एवढ्या पाच ओळी. पुढच्या कामासाठी तो उतारा मी लिहिला आणि मुकादमाला वाचायला दिला. त्याने खाली पेन्सिलीने स्वतःची सहावी ओळ घातली आहे: डबा उघडल्यावर आधी वास घ्यावा, बेलतेलाचा आला तर वापरू नये.